विचारा हो बिनधास्त, पण उत्तर कोण देणार?

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एका मित्राने त्याच्या कंपनीच्या एंगेजमेंट सर्व्हेचा, म्हणजे कामात तुमचं मन किती आहे ते विचारणाऱ्या सर्व्हेचा, स्क्रीनशॉट टाकला. मोठ्ठं हसरं तोंड, शेवटची तारीख, आणि खाली ते नेहमीचं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे वगैरे. त्याच्याखाली त्याने लिहिलं होतं, "मॅनेजर आत्ताच कॉलवर बोलला, मागच्या वेळी आपल्या टीमचा स्कोअर सगळ्यात कमी होता, या वेळी जरा बघा." झालं, तासभर ग्रुप पेटला. एक म्हणे आपल्याकडचे मॅनेजर सुधारणारच नाहीत, दुसरा म्हणे पोरांनाच तोंड उघडायला नको असतं आणि नंतर कॅन्टीनमध्ये कुजबुज करत बसतात, आणि मग नेहमीप्रमाणे कुणीतरी मला टॅग केलं, "तू सांग रे, तुमच्या जर्मनीत काय करतात?" मी काहीतरी गुळमुळीत लिहून सुटलो. खरं उत्तर चार ओळींत मावणारं नव्हतं.

मी भारतात आयटीत सात वर्षं काढली आणि आता नऊ वर्षं जर्मनीत मशीन बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतोय. म्हणजे दोन्हीकडचे टाऊनहॉल, म्हणजे साहेब लोकांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसोबत घेतलेल्या सभा, बघून झालेत, दोन्हीकडचे सर्व्हे भरून झालेत, आणि आता स्वतःची टीम असल्यामुळे दोन्हीकडच्या शिव्याही खाऊन झाल्यात.

आधी भारतातलं सांगतो. आमच्या तिथल्या कंपनीत टाऊनहॉलच्या आधी एचआर प्रश्न मागवायचं. मी एकदा साधा प्रश्न पाठवला, व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कमी-जास्त होणारा भाग, कापला तो कुठल्या हिशोबाने कापला? टाऊनहॉलमध्ये तो काही आला नाही, आले ते 'आपल्या यशाचं रहस्य काय' टाईपचे. पण दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि अगदी काळजीने विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का तुला? माझ्याशी बोलायचंस ना थेट." माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून फोन आला असणार. पण त्यानंतर मी त्या कंपनीत प्रश्न म्हणून काही पाठवला नाही. सर्व्हे अनॉनिमस असायचा, फक्त त्याची लिंक ज्याला त्याला वेगळी यायची, आणि 'तुम्ही अजून भरला नाही' असं रिमाइंडर बरोब्बर न भरलेल्यालाच यायचं. कदाचित खरंच कुणी बघत नसेलही, पण आम्ही सगळे मुकाट्याने पाचपैकी पाच टिकमार्क करून मोकळे व्हायचो.

जानेवारी २०२५ मधली ती क्लिप आठवते का? एल अँड टीचे चेअरमन एस. एन. सुब्रह्मण्यन, आठवड्याला ९० तास काम, रविवारीही कामाला बोलावता आलं तर बरं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार? देशभर वाद झाला तो तासांवर. त्याच्या आधी ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती ७० तास म्हणाले होते, तेव्हाही तासांवरच. पण मला त्या क्लिपमधलं दुसरंच काही लक्षात राहिलं. ते जाहीर भाषण नव्हतं, कंपनीतल्या लोकांशी झालेला अंतर्गत संवाद होता, आणि मूळ प्रश्न असा होता की शनिवारी का बोलावता? प्रश्न सरळ आहे, त्याला उत्तरही असू शकतं, प्रोजेक्टची गरज म्हणा, साइटचं वेळापत्रक म्हणा, काहीही. त्याऐवजी आला एक विनोद. आता शनिवारचं विचारायची पुढच्याची हिंमत होईल का, हे कुणी विचारलं नाही. तास मोजून झाले, संवाद राहिला बाजूला.

आता इथलं. मी रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी मला मेल आला की अमुक तारखेला बेट्रिब्सफरझाम्लुंग आहे, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा. मला वाटलं टाऊनहॉल असेल, झेंडे फुगे असतील. गेलो तर शॉपफ्लोअरच्या एका हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, आणि माइक प्लांट हेडकडे नाहीच, तो समोर पहिल्या रांगेत पाहुण्यासारखा बसलाय. सभा चालवतेय कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली परिषद, बेट्रिब्सराट, आणि तिची अध्यक्षबाई मुळात टूलरूममध्ये काम करणारी. तिने कागद काढला आणि एकेक वाचलं, ओव्हरटाइमचे तास कुठे साठले, नवीन हॉलमध्ये हवा खेळत नाही, दोन जागा आठ महिने रिकाम्या का, शिफ्टचं वेळापत्रक किती दिवस आधी कळणार. प्लांट हेड लिहून घेत होता. काही उत्तरं त्याने तिथेच दिली, काही नाही. मला ते नाटक वाटलं खरं सांगायचं तर. पण पुढच्या सभेत त्याने बोलायला सुरुवात केली ती त्याच जुन्या कागदापासून, मागच्या वेळचे अकरा मुद्दे, सात झाले, तीन चालू आहेत, एक होणार नाही आणि का होणार नाही ते असं असं. 'होणार नाही' हे वाक्य मी मॅनेजमेंटच्या तोंडून कारणासकट पहिल्यांदा ऐकलं. लोक चिडले, कुणीतरी मोठ्याने काहीतरी बोललं पण, मात्र हॉलमधून बाहेर पडताना सगळ्यांना एकच गोष्ट माहीत होती, आणि अफवांना खायला फार काही उरलं नव्हतं.

हे काही जर्मन माणूस उपजत मोकळा असतो म्हणून होत नाही बरं का. यामागे कायदा आहे. १९५२ चा, मग १९७२ मध्ये नव्याने केलेला. कंपनीत किमान पाच कायम मतदार कर्मचारी असले की परिषद निवडता येते, दर चार वर्षांनी निवडणूक. परिषदेने दर तिमाहीला सभा घ्यायची, ती कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून, आणि मालकाने वर्षातून किमान एकदा तिथे उभं राहून कंपनीची आर्थिक स्थिती आणि माणसांबाबतचं धोरण सांगायचं. कुणालाही काढायच्या आधी परिषदेचं म्हणणं ऐकावं लागतं, नाही ऐकलं तर ती नोटीसच रद्द. आणि आमच्या ग्रुपवरच्या मित्रासाठी सगळ्यात भारी भाग म्हणजे कर्मचाऱ्यांवर नजर ठेवू शकेल असं कुठलंही सॉफ्टवेअर आणायचं तर परिषदेशी करार करावा लागतो. आमच्याकडे पल्स सर्व्हेचं, म्हणजे वरचेवर घ्यायच्या छोट्या सर्व्हेचं, टूल आणायचं ठरलं तेव्हा पाच महिने नुसतं यावरच चाललं होतं की आठपेक्षा कमी माणसांच्या टीमचा निकाल वेगळा दाखवायचा की नाही, कारण छोट्या टीममध्ये कुणी काय भरलं ते लगेच ओळखू येतं. मी तेव्हा वैतागलो होतो, इतकं काय त्यात. नंतर लक्षात आलं की याच भांडणामुळे मी त्या सर्व्हेत आयुष्यात पहिल्यांदा पाचपैकी दोन दिले.

आता लगेच कुणी म्हणेल, बघा, गोऱ्यांचं सगळं छान. थांबा जरा. एक तर ही परिषद सगळीकडे नाही, छोट्या कंपन्यांमध्ये तर बहुतेक ठिकाणी नसतेच, आणि असली तरी दर तिमाहीला सभा होतेच असंही नाही. दुसरं, आपल्याकडे कागदावर काहीच नाही हा गैरसमज आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, म्हणजे जर्मनीच्या त्या कायद्याच्या पाच वर्षं आधीचा, आणि त्यात शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी मालक-कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेली, त्यात कामगारांचे मालकापेक्षा कमी नसलेली वर्क्स कमिटी नेमायला सरकार सांगू शकत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तर कामगारांचा व्यवस्थापनात सहभाग असावा असं थेट घटनेतच आलं, कलम ४३ अ. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, तीही निम्मी-निम्मी, ३० दिवसांत काम संपवणारी. फक्त मॅनेजर मंडळी आणि १८ हजारांच्या वर पगार असलेले सुपरवायझर 'कामगार' या व्याख्येतच बसत नाहीत. आमच्या ग्रुपवर पंचवीसेक जण आहेत, बऱ्याच जणांच्या नावापुढे आज मॅनेजर लागतं, त्यातल्या एकालाही यातलं काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, हे लिहायला बसलो तेव्हा शोधलं.

तिसरी गोष्ट मात्र माझ्याच घशात अडकलीय. गॅलप नावाची संस्था दरवर्षी जगभर विचारते की कामात तुमचं मन किती गुंतलेलं आहे. २०२४ साली जगात असे मन लावून काम करणारे २१ टक्के निघाले, युरोपात १३, आणि जर्मनीत कंपनीशी घट्ट नातं आहे असं म्हणणारे ९ टक्के. नऊ! भारत यात बराच वर असतो. म्हणजे परिषद, सभा, कागद, कायदे, सगळं असून माझ्या आजूबाजूला अकरातला जेमतेम एक जण मनापासून काम करतोय. मी आधी स्वतःची समजूत घातली की भारतात लोक भीतीने पाच-पाच देतात म्हणून, पण तो युक्तिवाद टिकत नाही, कारण गॅलपचा सर्व्हे काही तुमच्या कंपनीचं एचआर घेत नाही, तिथे मॅनेजरची भीती कशाला? पण त्याच गॅलपच्या २०२४ च्या अहवालात दुसरं एक वाक्य आहे, भारतातले फक्त १४ टक्के कर्मचारी आपलं आयुष्य नीट चाललंय असं म्हणतात, जगाची सरासरी ३४. मन गुंतलंय पण जीव मेटाकुटीला. हे मला ओळखीचं वाटलं. मी भारतात होतो तेव्हा त्या कंपनीवर खरंच जीव होता माझा, रात्री दोनला रिलीज करून आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि त्याच वर्षी माझं पित्त वाढून मी दोनदा ॲडमिट झालो.

तेव्हा माझा तोच मॅनेजर, केबिनचं दार लावणारा, हॉस्पिटलमध्ये आला होता. इन्शुरन्सच्या कागदासाठी स्वतः एचआरच्या मागे लागला होता. इथे माझ्या शेजारच्या डेस्कवरचा माणूस सहा आठवडे आजारी होता आणि आम्हाला कुणालाच काय झालंय ते माहीत नव्हतं, विचारायचं नसतं, मालकालाही निदान कळवायचं बंधन नाही. तो परत आला तेव्हा सगळे 'गुड मॉर्निंग' म्हणाले आणि मीटिंग सुरू. मला ते इतकं विचित्र वाटलं की मी एकटाच त्याच्याजवळ गेलो, कसा आहेस म्हणून, तर तो दहा मिनिटं बोलत राहिला. कुठल्याच कायद्यात हे बसवता येत नाही, आणि आपल्याकडे हे फुकट मिळतं म्हणून आपण त्याला इंटर्नल कम्युनिकेशन, म्हणजे कंपनीतला संवाद, म्हणतच नाही.

बोलण्याच्या रीतीचं पण असंच उलटं-पालटं आहे. भारतातल्या आमच्या कंपनीत साहेबाला नावाने हाक मारायची पॉलिसी होती, सीईओसुद्धा पहिल्या नावाने, पण त्याच्या म्हणण्याच्या विरुद्ध बोलायची कुणाची टाप नव्हती. इथे अजूनही जुनी मंडळी एकमेकांना 'झी' म्हणतात, म्हणजे आपलं अहो-जाहो, आडनावाने हाक, श्रीयुत अमुक, आणि मग त्याच श्रीयुतांना भर मीटिंगमध्ये सांगतात की तुमचा आराखडा चुकलाय. सुरुवातीला माझ्या पोटात गोळा यायचा. म्हणून नावाने हाक मारा, दारं उघडी ठेवा, बीनबॅग आणा, यावर माझा आता काडीचा विश्वास नाही.

आणि हो, इथली ती सगळी मोकळी चर्चा जर्मनमध्ये चालते, स्थानिक बोलीत, भरभर. पहिली दोन वर्षं मला त्या सभेतलं निम्मं कळत नव्हतं, आणि शॉपफ्लोअरवरच्या तुर्की आणि पोलिश लोकांपैकी काहींना आजही कळत नसेल. कॅन्टीनमध्ये आम्ही परदेशी लोक एकमेकांना विचारायचो की नेमकं काय ठरलं रे. तेव्हा अफवा तिथेही होत्या, फक्त वेगळ्या भाषेत.

आता माझं स्वतःचं. माझ्या टीमचे निम्मे लोक इथे, निम्मे भारतात. दर सोमवारी कॉल संपताना मी विचारायचो, काही प्रश्न आहेत का? इकडून तीन प्रश्न यायचे, तिकडून शांतता, आणि नंतर चॅटवर 'नोटेड सर'. मला राग यायचा. अरे, मी तुमच्यातलाच आहे ना! मग एका मुलीने एकदा खाजगीत सांगितलं की सर, कॉलवर विचारलं की आमचा इकडचा डिलिव्हरी मॅनेजर पण ऐकत असतो. हे मला सुचलं नव्हतं, मला, ज्याला केबिनमध्ये बोलावलं होतं.

म्हणून आता एक शेअर्ड फाइल आहे. नाव न लिहिता कुणीही प्रश्न टाकायचा, आणि गुरुवारी दुपारपर्यंत प्रत्येक प्रश्नासमोर मी काहीतरी लिहायचं, हो, नाही, किंवा कुणाला विचारलंय ते. परिषद वगैरे काही नाही, नुसता एक गुरुवार. पहिले तीन आठवडे फाइल रिकामी होती. चौथ्या आठवड्यात आला तो लॅपटॉपच्या चार्जरचा. मग हळूहळू खरे यायला लागले, ऑनकॉलचे, म्हणजे कामाच्या वेळेबाहेर फोनवर तयार राहण्याचे, पैसे तिथल्यांना मिळतात आम्हाला का नाही, कोड रिव्ह्यू तुमच्या सकाळी न होता आमच्या रात्री का, आणि एक, ऑनसाईटला, म्हणजे तिकडे जर्मनीत कामाला, बोलावणं बंद का झालं?

त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मी वर विचारलंय, वरून गुळगुळीत मेल आला, मी परत विचारलंय. मागच्या गुरुवारी त्या रकान्यात मी तिसऱ्यांदा तेच लिहिलं, विचारलंय, अजून उत्तर नाही, आणि जरा लाजच वाटली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खाली कुणीतरी लिहिलेलं, "ओके. पुढच्या गुरुवारी परत बघतो." पुढे सर नव्हतं.