खुलासा : जेटच्या पंख्यावरचे ‘वेगवेगळे स्क्रू’ म्हणजे जुगाड नव्हे

कलिना-सांताक्रूझकडच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. बिझनेस जेटच्या इंजिनात, पंख्याच्या मधल्या टोपीवर कमी-जास्त लांबीचे स्क्रू, आणि खाली ओळ : ‘मिळेल ते ठोकलंय, विमान थरथरणारच!’ शंका येणं साहजिक आहे, पण प्रकार नेमका उलटा आहे. विमान देखभालीत असल्याने हे काम माझ्या रोजच्या पाहण्यातलं.

पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो. वेग दुप्पट झाला की असमतोलाचा जोर चौपट होतो, त्यामुळे काही ग्रॅमचा फरकही केबिनमध्ये घुमल्यासारखा जाणवू शकतो. पात्यांच्या कडा झिजल्या, एखादं पातं बदललं, की हे होऊ शकतं. मग इंजिनच्या आवरणावर सेन्सर लावून ते वेगवेगळ्या वेगांवर चालवतात. थरथर किती आणि कोणत्या कोनात, हे पाहून मॅन्युअलप्रमाणे ठरलेल्या भोकात ठरलेल्या वजनाचा, म्हणूनच कमी-जास्त लांबीचा, स्क्रू बसतो आणि इंजिन पुन्हा चालवून तपासलं जातं. गॅरेजवाला चाकाला शिशाचा तुकडा लावतो ना, तसंच. (कधी कधी थरथर इंजिनची नसतेच, एखादं सैल झाकण वाऱ्याने फडफडत असतं.)

थोडी थरथर प्रत्येक इंजिनात असते. ती अचानक वाढली किंवा मर्यादेबाहेर गेली, तर आधी तपासणी, मग उड्डाण.

तो फोटो कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपात हा खुलासा टाका.