फिटची गोळी, जेनेरिक आणि माझा उर्मटपणा : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री शटर ओढल्यावर वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर चिडून लिहिलं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मिरजेतल्या माझ्या मेडिकलमध्ये डी. फार्म.ची (फार्मसी डिप्लोमाची) पोरं ट्रेनिंगला येतात. यंदाच्या सात जणांना मी जेनेरिकची, म्हणजे पेटंट संपल्यावर कुठलीही कंपनी काढू शकते त्या औषधाची, व्याख्या विचारली, ती सगळ्यांनी घडाघडा म्हटली. मग विचारलं, "आई आजारी पडली तर घरी कुठली पट्टी नेशील?" पाच जण म्हणाले, "कंपनीची." त्यावर मी 'अडाणी भीती', 'पास होण्यापुरतं शिक्षण' असं बरंच काही लिहून मोकळा झालो. तासगावच्या या ताईंच्या वडिलांना फिटचा जुना त्रास आहे आणि त्यावर फेनिटॉइन ही गोळी चालू आहे. एका मेडिकलमध्ये काउंटरवरच्या पोरानं "तेच आहे काका, स्वस्तात आहे" म्हणत दुसरी पट्टी दिली. तीन वर्षांत न आलेली फिट बाराव्या दिवशी आली. ताई लिहितात : "तुमची पाच पोरं खरं बोलली. तुम्ही दुकानदार मार्जिनसाठी जेनेरिक खपवता आणि वर आम्हालाच अडाणी ठरवता. यापुढे आमच्या घरात एकही जेनेरिक येणार नाही."

मार्जिनचं आधी बोलतो, कारण तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि माझ्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

परवाचंच सांगतो. ट्रेनिंगच्या एका मुलीसमोर ॲसिडिटीच्या कॅप्सूलच्या दोन पट्ट्या ठेवल्या. घटक तेच, मिलिग्रॅम तेवढेच. एक एमआर (डॉक्टरांकडे जाणारे कंपनीचे प्रतिनिधी) घेऊन फिरतात ती, दुसरी दुकानदाराला थेट विकली जाते ती. एमआरपी दोन्हींवर शंभराच्या आतबाहेर. मग खरेदीची बिलं पुढे टाकली. पहिली मला सत्तरच्या पुढे पडते, दुसरी सोळा रुपयांना. पोरगी बिलाकडे बघतच राहिली. मग तिनं पट्ट्या उलट्या केल्या आणि बारीक अक्षरं वाचायला लागली. निर्मितीचा पत्ता दोन्हींवर हिमाचलमधल्या बद्दीचा, परवान्याचा नंबरही एकच. "सर, मग पेशंटला स्वस्त काय पडलं?" काहीच नाही. स्वस्त मला पडलं. (कारखाना एक म्हणजे आतली कृतीही एकच, असं मात्र नाही. तेही तिला सांगितलं.)

ताई, बाजारात ज्याला 'जेनेरिक' म्हणतात त्यातलं बरंचसं हे असं आहे. छापील किंमत फुगवलेली, दुकानदारानं मनात आलं तर सूट द्यायची, नाही आलं तर खिशात घालायची. 2008 साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत छापील किंमतच कमी असते, तिथे हा खेळ चालत नाही. पण पोरांना कॉलेजात हा फरक कोण सांगतो? त्यांना जेनेरिक म्हणजे पेटंट संपलेलं औषध एवढंच माहीत. दुकानात आल्यावर पहिल्या आठवड्यात ती मालकाचं वागणं बघतात आणि त्यातून स्वतःचं मत बनवतात. माझ्या पाच जणांनी माझ्याच काउंटरवर बसून ते बनवलं असणार. हे लेख लिहिताना माझ्या डोक्यात का आलं नाही कोण जाणे.

आता वडिलांच्या गोळीचं. तुम्ही दोन्ही पट्ट्यांची नावं लिहिलीत. ताई, त्या दोन्ही जेनेरिकच आहेत. फेनिटॉइन फिटवर वापरात आलं 1938 साली. त्याच्यावर आज कुणाचीच मक्तेदारी नाही. वडिलांची जुनी 'कंपनीची' गोळी म्हणजे ब्रँडचं नाव लावलेलं जेनेरिकच. म्हणजे बदल झाला तो एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर. आणि या औषधात धोका असतो तो त्या बदलातच.

फेनिटॉइन विचित्र आहे. रक्तात ते साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावं लागतं. त्याच्या खाली फिट, वर गेलं की डोळे फिरतात, तोल जातो. शिवाय त्याचा निचरा करायची लिव्हरची ताकद लवकर संपते, त्यामुळे शोषणात थोडा फरक पडला तरी रक्तातली पातळी त्याच्या कितीतरी पट हलते. 1968च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेनिटॉइनवरच्या पेशंटांना एकाएकी चक्कर यायला लागली. कंपनी तीच, औषध तेवढंच. कॅप्सूलमध्ये भर म्हणून आधी कॅल्शियम सल्फेट होतं, त्याऐवजी लॅक्टोज घातलं गेलं होतं, आणि औषध जास्त शोषलं जाऊ लागलं. हा किस्सा फार्मसीच्या पोरांना पाठ असतो, चार मार्कांना येतो. पण काउंटरवर फेनिटॉइनची चिठ्ठी आली की त्यांना ब्रिस्बेन आठवत नाही. 'कंटेंट सेम' एवढंच आठवतं.

वडिलांची फिट त्या पट्टीमुळेच आली असं मी इथून सांगू शकत नाही. चुकलेला डोस, जागरण, ताप, दुसरं एखादं औषध, यानंही येते. पण पट्टी डॉक्टरांना न विचारता बदलायला नको होती, यात मला तिळमात्र शंका नाही. चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच किंवा एक्समधल्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत अशा औषधांच्या याद्या) औषधाऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरं औषध परस्पर द्यायला औषध नियमांतला नियम 65 मनाई करतो. पोरं हा नियम कायद्याच्या पेपरला लिहितात आणि दुकानात रोज मोडला जाताना बघतात. फिटच्या गोळीत तर कायदा नसता तरी ही चाल कुणी करू नये. थायरॉइडची थायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, मनाच्या आजारावरचं लिथियम, यांचंही तेच. एकदा बसली ती कंपनी बदलायची नाही. बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून, रक्त तपासून.

तुमच्या प्रतिक्रियेत आणखी एक वाक्य होतं, "जेनेरिकमध्ये औषध 80 टक्केच असतं." हेच वाक्य माझ्या एका ट्रेनिंगच्या पोरानंही ऐकवलं होतं, आणि त्याला ते एका डॉक्टरांनी सांगितलेलं. असं नाही हो. गोळीत औषध किती असावं हे फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ, ठरवते. पॅरासिटामॉलच्या गोळीत लेबलवरच्या आकड्याच्या 95 ते 105 टक्के असावं लागतं, मग पट्टी कुणाचीही असो. 80 ते 125 हा आकडा बायोइक्विव्हॅलन्सच्या चाचणीतला. दोन गोळ्या घेतल्यावर रक्तात औषध किती आणि कसं पोचतं याची तुलना करतात, आणि संख्याशास्त्राची चूकभूल धरून आलेला सगळा पट्टा त्या चौकटीत बसावा लागतो. प्रत्यक्षात फरक फार लहान निघतो. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या सरकारी औषध नियंत्रकानं) 1996 ते 2007 मधल्या 2,070 चाचण्या पाहिल्या तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता.

तुम्ही म्हणाल, ती अमेरिका झाली. बरोबर. आपल्याकडे जुन्या औषधाची नक्कल काढणाऱ्याला ही चाचणी बरीच वर्षं बंधनकारक नव्हती. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना ती सक्तीची झाली एप्रिल 2017 मध्ये, आणि फेनिटॉइन त्याच गटातलं. म्हणून 'जेनेरिक म्हणजे डोळे झाकून तेच' असं मी पोरांना शिकवलं तर ते खोटं ठरेल. माझ्या लेखाचा सूर मात्र तसाच होता.

तरीही "घरात एकही जेनेरिक येणार नाही" याला माझी हरकत आहे. ते शक्यच नाही. आईची बीपीची ॲम्लोडिपिन, तुमची तापाची पॅरासिटामॉल, सगळं जेनेरिकच आहे, कुणावर ठसठशीत नाव आहे एवढंच. जत-अथणीकडून येणारी माणसं माझ्याकडे बीपीची गोळी "पंधरा दिवसांचीच द्या" म्हणून मागतात आणि महिनाभरानं उगवतात. मधले पंधरा दिवस गोळीच नाही. ॲम्लोडिपिनची कंपनी बदलली तर बीपी मोजून खात्री करता येते. गोळीच थांबली तर काय मोजणार? फिटच्या गोळीचा नियम बीपीच्या गोळीला लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

एक काम मात्र करा. ती दुसरी पट्टी आणि बिल फेकलं नसेल तर बॅच नंबर लिहून ठेवा आणि 1800-180-3024 वर फोन करा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे. पेशंटच्या घरचेही तक्रार नोंदवू शकतात. पोरांना दुष्परिणाम नोंदवायचा फॉर्म परीक्षेपुरता माहीत असतो. माझ्या दुकानातूनही आजवर एकही गेला नव्हता. तुमची हरकत नसेल तर तुमचा फॉर्म इथे पोरांकडून भरून घेतो, नाव-गाव झाकून त्यांनाही शिकता येईल.

मूळ लेखातले 'अडाणी भीती' हे शब्द काढले आहेत. त्या पाच जणांना काल चहा पाजला. त्यातला एक म्हणाला, "सर, मी तर तुम्ही स्वतःच्या घरी कुठली नेता ते बघूनच उत्तर दिलं होतं."