मराठीसाठी सावंतवाडीला का जायचे?

शाळासोबत्यांच्या ग्रुपवर राजभाषेचा वाद पुन्हा पेटला आहे. गोव्यात कोकणीच्या बरोबरीने मराठीलाही राजभाषा करा, ही मागणी जुनीच. त्यावर एकाने लिहिले, “एका राज्याला एकच राजभाषा, घटनाच तसे सांगते. मराठी जाय जाल्यार सावंतवाडी वच.” वाचल्यापासून माझे डोके फिरले आहे.

मुळात घटना तसे सांगतच नाही. राज्यात वापरात असलेल्या भाषांपैकी एक किंवा अधिक भाषा विधिमंडळाने कायद्याने स्वीकाराव्यात, अशी मुभा अनुच्छेद ३४५ देतो. गोव्याच्या १९८७ च्या कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीला सरकारी कामात वापरण्यापुरती जागा दिली. त्यात बदल करायला पर्वरीची विधानसभा पुरेशी आहे.

मी डब्लिनला राहतो. इथल्या १९३७ च्या घटनेचा ८ वा अनुच्छेद आयरिशला पहिली राजभाषा म्हणतो, इंग्रजीला दुसरी. घटनेच्या या दोन भाषांतल्या मजकुरांत तफावत पडली तर आयरिश मजकूर खरा धरतात. लुआस या ट्राममध्ये थांब्यांची नावे दोन्ही भाषांत पुकारतात, बसवर ‘अन लार’ (आयरिशमध्ये शहराचा मध्यभाग) लिहिलेले असते. २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम ७२ हजार भरले. तरी ‘आयरिश हवी तर गेल्टाख्तला (आयरिश बोलणाऱ्यांच्या पट्ट्यात) जा’ असे कोणी कोणाला सुनावताना मी ऐकलेले नाही. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना याच घटनेवरून घेतली. मग भाषेच्या बाबतीत एवढा उदारपणा आपल्याला का जड जावा?

आणि मराठीची आपल्याकडची स्थिती तर कितीतरी भक्कम. पेडण्यात दशावतार रात्रभर रंगतो, देवळांतली भजने मराठीत, जत्रेतले नाटक मराठीत. माझी आई मासळीवालीशी घासाघीस करते कोकणीत, आणि त्याच ओल्या हाताने कालनिर्णयावर दुधाचा खाडा मांडते मराठीत: ‘आज अर्धा लिटर कमी’. यातली एक भाषा सरकारी आणि दुसरी सावंतवाडीची, हे तिला कोण समजावणार?

मित्राचा शेवटचा मेसेज मात्र वर्मी लागला. “तू आयरिश पासपोर्टवाला. तुका कित्याक जाय ही पंचाईत?”

इथल्या घटनेचा ९ वा अनुच्छेद राष्ट्रनिष्ठा हे नागरिकाचे कर्तव्य मानतो. समारंभात उभा राहून तशी प्रतिज्ञा मीही घेतली. तिकडे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाने माझे भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपले. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हिंडता येते, मतदान करता येत नाही. माझी मुलगी आयरिशचा गृहपाठ न चुकता करते, आजीशी फोनवर कोकणीत बोलते, पण देवनागरी तिला वाचता येत नाही. मी शिकवायला बसलो की दोन ओळींनंतर उठते. गोव्यात मराठी टिकावी म्हणून मी एवढा भांडतो, त्यात ही भीतीही आहे. तिथूनही ती गेली, तर माझ्या घरात ती परत कुठून येणार?

मित्रा, मत नसले तरी एक वाट मला मोकळी आहे. आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारपुढे मांडण्याचा हक्क अनुच्छेद ३५० देतो, आणि तो नागरिकांपुरता नाही, प्रत्येक व्यक्तीला आहे. १९८७ च्या कायद्यात दुरुस्ती करा, असा अर्ज मी पर्वरीला पाठवतो आहे. मराठीत. उत्तर कोकणीत आले तरी ते मला घरचेच वाटेल.