पाच तासांत अमेरिका

"किती तास लागतात रे?" हा आईचा प्रश्न भूगोलाचा नसतो. तिला बरोबर द्यायच्या दशम्यांचा हिशोब करायचा असतो. मी मात्र दरवेळी शहाणपणा करून उत्तर द्यायला जातो. मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५०० किलोमीटर, विमानात १६ तास. "आणि इथून मुंबई?" इथे माझं गणित बसतं. म्हणजे खालीच बसतं.

डिसेंबरात दुपारी ४ ला पुण्याहून टॅक्सीत बसलो. बोरघाटात एक ट्रक आडवा झालेला. त्याच्याभोवती शंभर तज्ज्ञ, हलवणारा एकही नाही. विमानतळावर पोचलो रात्री साडेनऊला. दीडशे किलोमीटरला साडेपाच तास, म्हणजे ताशी २७. या वेगात एखादा दमदार सायकलवाला मला टाटा करून पुढे गेला असता.

विमान रात्री दीडला सुटलं आणि न्यूयॉर्कला उतरलं तेव्हा तिथे त्याच दिवसाचे सकाळचे ७ वाजले होते. आईला फोन केला.

"दीडला निघालास, सातला पोचलास. साडेपाच तास! मग ते विमान आपल्या टॅक्सीएवढंच पळतं की."

"अगं, इथली घड्याळं हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतात."

"मग ते साडेदहा तास गेले कुठे?"

"येताना भरावे लागतात."

"व्याजासकट?"

शेजारच्या काकांचं दुखणं वेगळं. समोरच्या पडद्यावरच्या नकाशाचा मी फोटो पाठवला होता. विमान सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढलेलं. "लांबून नेतोय तुला," काकांनी निदान केलं. पुण्याच्या रिक्षांत हयात गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांत दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडूनच जातो, सपाट नकाशावर तीच वाट वाकडी दिसते, असं मी समजावलं. काका म्हणाले, "रिक्षावालेही असंच काहीतरी सांगतात."

येताना शुक्रवारी सकाळी ११ ला निघालो, शनिवारी साडेअकराला मुंबईत. घड्याळात साडेचोवीस तास, प्रत्यक्षात चौदाच. तिथे वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. जाताना तो छातीवर घ्यायचा, येताना पाठीवर. हे मात्र आईला पटकन कळलं. "शाळेत सायकलने जायचे तेव्हा माझं असंच व्हायचं." सोळा तासांच्या प्रवासातलं हे एवढंच मला नीट समजावता आलं.

"बरं, उतरलास ना? मग कुकर कधी लावू?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. शनिवार दुपार. खालापूरच्या टोलनाक्यावर अख्खी मुंबई लोणावळ्याला भजी खायला निघाली होती. अटलांटिक ओलांडताना पायलटने पोचायची वेळ मिनिटात सांगितली होती. आमच्या ड्रायव्हरने नुसती मान हलवली आणि तंबाखूची पुडी काढली.

"आई, अजून सांगता येत नाही."

"असं कर, घाट चढून वर आलास की फोन कर. तोवर तांदूळ भिजत घालते."