फोन बाबांचा, जागरण मुलीचे

मेलबर्नमध्ये सकाळी साडेसहाला चहाचे आधण ठेवताना मी फोन पाहते, आणि इथल्या या उन्हाळ्यात कितीतरी वेळा मला त्यावर कोल्हापूरच्या माझ्या भावाच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ हा शब्द दिसला आहे. डिसेंबर-जानेवारीत इथली घड्याळे भारताच्या साडेपाच तास पुढे असतात, म्हणजे मंगळवार पेठेत तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो. सकाळी लवकर मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला हजर राहणारा माझा भाऊ त्या वेळी जागा असणे शक्य नाही. फोन त्याचा आहे, नंबर त्याचा आहे, नाव त्याचे आहे. असतो मात्र तो माझ्या भाचीच्या हातात, आणि ती नववीत आहे.

डिसेंबरपासून घरी फोन केला की एक प्रश्न ठरलेला असतो. तुमच्याकडे सोळा वर्षांखालच्या मुलांचे इन्स्टाग्राम बंद केले म्हणे, मग आपले सरकार तसा कायदा का करत नाही? नातेवाईक विचारतात, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, त्यांतल्या दोघी तर स्वतः शिक्षिका आहेत. या प्रश्नामागची काळजी खरी आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, एक्स यांसारख्या माध्यमांवर सोळा वर्षांखालच्या कोणाचेही खाते असू नये, यासाठी वाजवी पावले उचलण्याची जबाबदारी कायद्याने कंपन्यांवर टाकली, आणि ती न पाळल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड ठेवला. मुलाला किंवा पालकाला कसलीही शिक्षा नाही. पहिल्या महिनाभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचे सरकारने जाहीर केले. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचे खाते त्यांपैकी एक.

तिच्या वर्गातल्या काही मुलांनी मोठ्या भावंडांचे चेहरे कॅमेऱ्यापुढे धरून वयाची तपासणी चुकवली, हे मला ठाऊक आहे. कायद्याला पळवाटा आहेत. तरीही मी त्याच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण मला त्याच आठवड्यात माझ्या घरी दिसले. आदल्या रविवारी मुलीच्या चार मैत्रिणी आमच्याकडे आल्या, जेवणाच्या टेबलाभोवती बसून त्यांनी एकमेकींचे फोन नंबर चक्क वहीत लिहून घेतले, जुने फोटो उतरवून ठेवले, एक मुलगी थोडी रडलीही. मात्र ‘माझ्याच घरात हे का?’ असे त्यांपैकी कोणीही म्हणाले नाही. वर्षभर माझ्या नकाराला माझ्या मुलीचे एकच उत्तर असे, की सगळ्यांचे चालू आहे, मग फक्त माझेच का बंद? १० डिसेंबरनंतर ते उत्तर उरले नाही. नकार एका आईचा राहिला नाही, तो सगळ्या वर्गाचा झाला. कायद्याची खरी ताकद मला यात दिसते.

आता कोल्हापूर. गेल्या जुलैत इथल्या शाळांना हिवाळी सुटी लागली तेव्हा मी माहेरी होते. पाऊस थांबत नव्हता, सोप्यात दोरीवर कपडे वाळत होते, आणि भाची दोन दिवस शाळेला गेली नव्हती. पोटात दुखते म्हणत होती. वहिनीला वाटले पित्त असेल. तिसऱ्या रात्री ती माझ्या अंथरुणात येऊन झोपली आणि पांघरुणाखाली तिने मला फोन दाखवला. डबा खाताना कोणीतरी तिचा फोटो काढला होता: तोंड उघडे, डोळे अर्धे मिटलेले, हातात भाकरीचा तुकडा. त्या फोटोचा स्टिकर केला होता, त्यावर तिच्या रंगावरून एक ओळ लिहिली होती, आणि वर्गातल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काहीही बोलले की उत्तर म्हणून तो स्टिकर टाकला जात होता. तिने मोजले होते. एका संध्याकाळी तेवीस वेळा. “आत्या, आता तो सगळ्यांच्यात सेव्ह झालाय,” ती म्हणाली. “मी काढून कुठनं कुठनं काढू?”

वहिनी शाळेत गेली. तो ग्रुप शाळेचा नाही, असे सांगून तिला परत पाठवले गेले. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. पण मुलांना एकमेकांचे नंबर मिळाले ते शाळेच्याच गृहपाठाच्या ग्रुपवरून, आणि रोज संध्याकाळी आईबाबांचा फोन मुलांच्या हातात जातो तोही त्याच गृहपाठासाठी. शाळाच फोन हातात देते आणि पुढचे आमचे नाही म्हणते, याचा मला आजही राग आहे.

ऑस्ट्रेलियाचा कायदा जसाच्या तसा उचलून आणला, तरी माझ्या भाचीच्या त्या रात्रीपर्यंत तो पोहोचला नसता. एक तर व्हॉट्सॲप त्या यादीत नाही. निरोपांची साधने कायद्यातून वगळलेली आहेत. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. इथला कायदा असे धरून चालतो की मुलाचा फोन मुलाचा असतो. आपल्याकडे अनेक घरांत फोन बाबांचा असतो, कधी आजीचा, आणि खात्यावरचे वय त्या मोठ्या माणसाचे असते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतूद चांगली आहे. पण संमतीचा ओटीपी ज्या फोनवर येणार, तो फोन रात्री एक वाजता मुलीच्याच उशाखाली असेल, तर ती संमती कोणाची? समाजमाध्यमांवर तेरा वर्षांखालच्या मुलांना बंदी घालावी, ही याचिका एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा विषय आहे असे सांगून ऐकण्यास नकार दिला, तेव्हा बरेच जण निराश झाले. मला वाटते, केवळ बंदीच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यात आपली वर्षे जातील.

हानी खरी आहे का, अशी शंका घेणारेही घरात आहेत. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती, ज्यांचे घराणे आपल्या शेजारच्या कर्नाटकातले, यांनी २०२३ मध्ये काढलेल्या सल्लापत्रात म्हटले होते की दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरवयीन मुलांना नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांसह मानसिक त्रासाचा धोका दुप्पट असतो. यातून माध्यमांमुळेच नैराश्य येते असे सिद्ध होत नाही. आधीच एकटे पडलेले मूल फोनकडे अधिक वळते, असेही असू शकते, आणि संशोधकांत यावर प्रामाणिक मतभेद आहेत. पण रात्री एक वाजता जागे असलेल्या आणि सकाळी सातच्या शाळेला जाणाऱ्या मुलीची झोप किती झाली, हे समजायला संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे हा प्रश्न फक्त शहरांचा आहे, असेही कोणी समजू नये. ग्रामीण भागात झालेल्या ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयोगटातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरल्याचे त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्के मुलांनी.

म्हणून मी घरच्यांना सांगते ते दुसरेच उदाहरण, आणि ते परदेशातले नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतील. करोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटत नव्हता, हे त्यामागचे कारण होते. माझ्या मुलीला १० डिसेंबरला जे मिळाले, तेच वडगावच्या मुलांना भोंग्याने दिले: सगळ्यांचा बंद आहे, माझ्या एकटीचा नाही. फोन कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्नच तिथे येत नाही, कारण बाबांचाही बंद असतो.

कोल्हापूरच्या पेठांना हे जमणार नाही, असे मला कोणी सांगू नये. तालीम मंडळांच्या फुटबॉल सामन्यांसाठी गल्लीच्या गल्ली ठरल्या वेळी शाहू स्टेडियमला लोटते, ते कोणत्या कायद्याने? आणि शिक्षणाच्या बाबतीत तर या शहराचा वारसा मोठा आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. दंड मोठ्यांना होता, मुलांना नव्हता. आज आपण पोरांना रागावतो, फोन हिसकावून घेतो, आणि रात्री जेवताना स्वतः रील्स पाहतो.

भाचीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. तिला कोणी समुपदेशक भेटला नाही. मी तिला ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला. २०२२ पासून चालणाऱ्या या सेवेवर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. तिने दोनदा फोन केला, एकदा मी शेजारी बसले असताना. काय बोलली ते मी विचारले नाही. तो क्रमांक तिच्या शाळेच्या फलकावर मला कुठेही दिसला नव्हता.

येत्या शनिवारी तिच्या शाळेत पालकसभा आहे. वहिनीने आजवर कधी सभेत तोंड उघडलेले नाही, पण या वेळी वर्गातल्या आणखी पाच आया तिच्यासोबत उभ्या राहणार आहेत, आणि बोलायचे मुद्दे तिने माझ्याकडून कागदावर मागितले आहेत. संध्याकाळी सातनंतर शाळेने ग्रुपवर काहीही पाठवू नये. गृहपाठ फळ्यावर लिहावा आणि मुलांनी तो वहीत उतरवून आणावा. मुलांच्या ग्रुपवर कोणाची टवाळी झाली तर तक्रार कोणत्या शिक्षकाकडे करायची, ते नाव शाळेने सांगावे. १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा. आणि रात्री दहा वाजता या सहाही घरांतले सगळे फोन, बाबांचे धरून, स्वयंपाकघरातल्या फडताळात जातील. शेवटचा मुद्दा भावाला वाचून दाखवला का, असे मी काल वहिनीला विचारले. दाखवला, ती म्हणाली, आणि गजराचे घड्याळ आणायला तो महाद्वार रोडला गेला आहे.