बिनडिस्कचा संसार

ज्या संगणकाच्या पोटात हार्ड डिस्कच नाही तो बिघडणार तरी कसा, असा बिनतोड युक्तिवाद आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत झाला आणि त्यावर कोणालाही उत्तर सुचले नाही. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जून उजाडला की पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, चपलांच्या पट्ट्यांवर आणि सभासदांच्या उत्साहावर सारखीच बुरशी चढते. अशा हवेत देणगीत आलेल्या जुन्या संगणकांच्या डिस्क एकेक करून मान टाकू लागल्या होत्या. त्या काढून टाकाव्यात, वरच्या मजल्यावर एकच धडधाकट सर्व्हर ठेवावा आणि खालच्या सर्व संगणकांनी त्याच्या जिवावर गुजराण करावी, ही योजना एकमताने संमत झाली. अंमलबजावणी अर्थातच सहचिटणीसांकडे, म्हणजे माझ्याकडे आली.

युक्तिवाद खोटा नव्हता. हे संगणक खरोखरच बिघडत नाहीत. बिघडते ते दुसरेच काहीतरी, आणि मी खाली असेन तर ते वर असते, वर गेलो की खाली येते. वैद्यांनी मला चालायला सांगितले होते, ती सोय मात्र या निमित्ताने परस्पर झाली.

असा संगणक सुरू होतो तेव्हा त्याला स्वतःचे नावगावही ठाऊक नसते. तो नेटवर्कवर हाक घालतो, की मला कोणी पत्ता देता का. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि पुढची फाइल कोणाकडे, कोणत्या नावाने मागायची हेही सांगतो. ती फाइल टीएफटीपी या १९८१ सालापासून चालत आलेल्या पद्धतीने येते. ही पद्धत मुळात इतकी सोशीक आहे, की ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवून त्याची पोच मिळेपर्यंत ती स्वस्थ बसून राहते आणि पोच मिळाल्यावरच पुढचा तुकडा उचलते. (आमच्या तालुक्यातल्या काही कचेऱ्या याच तत्त्वावर चालतात, फक्त तिथे तुकडा याहून लहान असतो.) एवढे झाल्यावर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जागा होतो आणि सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेल्या एनएफएसच्या आधाराने सर्व्हरवरचा एक फोल्डर आपलीच डिस्क मानून संसार थाटतो. या साखळीतली एखादी कडी निखळली, की संगणकाला नेटवर्कवरून सुरू करणाऱ्या इंटेलच्या पीएक्सई प्रणालीचा एखादा संकेतांक काळ्या पडद्यावर उमटतो आणि मला हाक येते.

यातला ई-६१ हा सर्वांत सज्जन संकेतांक, कारण तो केबल तपासा असे स्वच्छ सांगतो. जत्रेतल्या नाटकाच्या तालमी वाचनालयाच्या सभागृहातच होतात, त्यामुळे आमच्या केबलींना संगीत नाटकाचा भार सोसावा लागतो. एकदा ई-६१ आला म्हणून केबलीचा माग काढत गेलो, तर ती थेट पेटीच्या खोक्याखाली निघाली. खोका हलवला, तेव्हा निळी केबल चपटी होऊन फरशीच्या सांध्यात रुतून बसलेली दिसली. तिच्या टोकाच्या प्लगाची प्लास्टिकची इवलीशी जीभ केव्हाच तुटलेली होती, आणि प्लग घसरू नये म्हणून कोणीतरी त्याच्या वर आगपेटीची काडी खोचून ठेवली होती. पावसाळी हवेने काडी मऊ पडली होती आणि प्लग केसभर मागे सरकला होता. मी नवी केबल आणायला निघालो, तर पेटीवाल्यांनी आपुलकीने दुसरी काडी पुढे केली.

खरा छळ वीज गेल्यावर नव्हे, ती परत आल्यावर सुरू होतो. खालचे संगणक पोटात काही नसल्यामुळे हलके असतात, ते क्षणार्धात उठून पत्ता मागू लागतात. सर्व्हर मात्र घरंदाज. तो आधी आपल्या डिस्क तपासतो, मग एकेक सेवा जागी करतो. शिवाय सगळ्यांच्या केबली एकत्र जोडणारा, एका कार्यालयाने मोडीत काढलेला नेटवर्क स्विच आम्हाला देणगीदाखल मिळाला आहे, तो अतिशय सावध स्वभावाचा. कोणताही संगणक जोडला गेला की नेटवर्कमध्ये कुठे वर्तुळ तर तयार झाले नाही ना, याची तो ३० सेकंद खात्री करून घेतो आणि मगच त्याचे बोलणे पुढे जाऊ देतो. पुष्कळ संगणकांचा धीर त्याआधीच सुटतो. पोर्टफास्ट नावाची सोय चालू केली की स्विच ही चौकशी सोडून देतो. पण ती चालू करण्यासाठी त्याचा पासवर्ड लागतो, आणि तो देणगीत समाविष्ट नव्हता.

चालू संगणकाखालून सर्व्हर निसटला तर काय होते, हे आमच्या वाचकांनाच विचारावे. माउसचा बाण फिरत राहतो, म्हणून सर्व काही ठीक आहे असे वाटते; क्लिक केले की मात्र काहीच हलत नाही. पडद्यामागे कर्नल ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ एवढे नोंदवून वाट पाहत बसतो, आणि फोल्डर हार्ड माउंट, म्हणजे हार न मानण्याच्या बोलीवर जोडलेला असल्यामुळे तो तासन्‌तास वाट पाहू शकतो. सर्व्हर परतला की ‘ओके’ म्हणून अर्धवट राहिलेले काम तो तिथूनच पुढे नेतो. एवढी निष्ठा मी कार्यकारिणीत पाहिलेली नाही.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर वाचनालय उघडले त्या दिवशी सगळे संगणक ई-५१ दाखवत होते, म्हणजे पत्ता देणारेच कोणी नव्हते. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. सारा गाव त्यांना मास्तर म्हणतो. “कितें रे, आयज चलता मगो?” असे विचारत ते वही-पेन घेऊन खाली बसले आणि त्यांनी ५१ हा आकडा तारखेसह लिहून घेतला. मी वर जाऊन डीएचसीपी सेवा सुरू करीपर्यंत खाली खजिनदारांनी, तेवढीच आपली मदत म्हणून, वाचकांच्या मोबाइलसाठी आणलेला वाय-फाय राउटर चालू केला. राउटरही पत्ते वाटतो, आणि आमच्या सर्व्हरपेक्षा चपळाईने वाटतो. पण फाइलीचे नाव त्या बिचाऱ्याला कोठून माहीत असणार? मी खाली आलो तेव्हा पत्ता मिळालेले आणि पुढे काय करावे हे न कळलेले सगळे संगणक ई-५३ दाखवत उभे होते.

“चढला,” मास्तर गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी ५३ लिहिले.

हा ताप नव्हे, हे मी त्यांना समजावून सांगितले. पत्ता मिळणे ही प्रगतीच आहे, हेही सांगितले. पण ज्यांनी आयुष्यभर आकड्यांवरून मुलांची पारख केली, त्यांच्यापुढे माझे काय चालणार? राउटर बंद करवला. मग ई-३२ आला, म्हणजे पत्ता आणि नाव मिळाले, पण फाइल देणारी सेवा उत्तर देत नव्हती. सर्व्हर सुरू होताना नेटवर्क उभे राहण्याआधीच टीएफटीपी सेवा जागी होऊ पाहते आणि तोंडघशी पडते, हे तिचे जुने दुखणे. तेव्हा मी पुन्हा जिन्याकडे वळलो.

“५३ वरून ३२!” मागून मास्तरांचा आवाज आला. “उतार पडला रे!”

टीएफटीपी चालू झाले. फाइल आली, कर्नल आला, अक्षरे झरझर वर सरकली आणि एकाएकी थांबली. मूळ फोल्डर जोडता येत नसल्याचे सांगून कर्नलने पॅनिक, म्हणजे आता पुढे काही जमणार नाही असे, जाहीर केले आणि ओळीने सगळ्या कीबोर्डांवरचे कॅप्स लॉकचे दिवे लुकलुकू लागले. म्हणजे आता एनएफएसची परवानग्यांची फाइल उघडून बसायचे होते. मास्तरांनी पडद्याजवळ जाऊन चष्मा वर करून पाहिले. पीएक्सईचा आकडा कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळच्या सभेच्या इतिवृत्तात, संगणक विभाग पूर्ववत सुरू झाल्याबद्दल सहचिटणीसांचे अभिनंदन करण्यात आले असून, दिवे लुकलुकण्याची उरलेली किरकोळ बाब त्यांनी सवडीने पाहावी, असा ठराव आहे. सूचक खजिनदार.