गाव कळू द्या, घर नको

इंदूरच्या भंवरकुआ या कोचिंग क्लासच्या भागातल्या एखाद्या हॉस्टेलमधून विद्यार्थ्याच्या आत्महत्येची वाईट बातमी आली, की आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन-तीन दिवस दुसरा विषय नसतो. या वेळी काकांनी मागणी मांडली: तातडीच्या 112 नंबरला फोन लावला की पोलिसांना जागा कळते, मग खचलेल्या मुलाने हेल्पलाइनला मेसेज केला तर त्याची जागा का कळू नये? मेसेज आला, की माणूस दारात हजर. माझी मामेबहीण त्याच भागात कोचिंगमध्ये शिकवते. तिने उलट लिहिलं, की असं झालं तर एकही मूल मेसेज करणार नाही. दोघांनाही मुलांची काळजी आहे, म्हणूनच वाद चिघळला. मी ओहायोत राहते. इथे हाच प्रश्न काही वर्षं सरकारदरबारी गाजतो आहे, आणि त्यातून जे निघालं ते काकांनाही पूर्ण पटणार नाही आणि बहिणीलाही नाही. म्हणून ग्रुपवर चार ओळी टाकण्याऐवजी नीट लिहिते.

अमेरिकेत 988 हा मानसिक संकटासाठीचा तीन आकडी नंबर 16 जुलै 2022 पासून सुरू आहे. त्यावर फोन करता येतो, साधा मेसेजही करता येतो. पलीकडे एकच मोठं कॉल सेंटर नाही. देशभर दोनशेहून अधिक स्थानिक केंद्रं आहेत, आणि आपला फोन जवळच्या केंद्राला जावा अशी मूळ कल्पना आहे. जवळच्या केंद्राला आपल्या भागातला रात्री उघडा असणारा दवाखाना ठाऊक असतो, घरी येऊन बोलणारं पथक कुठलं ते माहीत असतं, उद्या सकाळी कुणाकडे जायचं ते सांगता येतं.

पण ‘जवळचं’ केंद्र ठरवलं जायचं ते फोन नंबरच्या पहिल्या तीन आकड्यांवरून. माझा नंबर मिशिगनमध्ये घेतलेला, 734 ने सुरू होणारा. इथे कुणी गाव बदललं म्हणून नंबर बदलत नाही. बँक, शाळा, डॉक्टर सगळीकडे तोच दिलेला असतो. म्हणजे तेव्हा ओहायोत बसून मी 988 लावला असता, तर बोलणारा माणूस मिशिगनचा. तो कितीही चांगला असला तरी माझ्या गावातलं एकही दार त्याला ठाऊक नसतं. परगावी शिकायला गेलेली मुलं आणि सतत बदलीवर असणारी माणसं, म्हणजे ज्यांना आधार कमी तेच लोक, यात सर्वांत जास्त सापडत होते.

ऑक्टोबर 2024 मध्ये इथल्या दूरसंचार आयोगाने मोबाइल कंपन्यांना नियम घालून दिला, की 988 चे कॉल नंबरावरून न पाठवता माणूस साधारण कुठे आहे त्यावरून पाठवा. मेसेजचं काम किचकट होतं, कारण साध्या मेसेजसोबत जागेची माहिती जातच नाही. ती कंपनीलाच टॉवरवरून काढून द्यावी लागते. तोही नियम जुलै 2025 मध्ये झाला, आणि मोठ्या-छोट्या कंपन्यांना तयारीसाठी वेगवेगळी मुदत मिळाली.

काकांनी इथे थांबून वाचावं. या व्यवस्थेत हेल्पलाइनला पत्ता मिळत नाही. फोन कोणत्या टॉवरशी जोडला आहे ते कंपनीला तसंही माहीत असतं. त्यावरून कंपनी फक्त साधारण भाग ठरवते, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा, आणि तेवढ्यावर मेसेज त्या भागाच्या केंद्राकडे वळतो. रस्ता, इमारत, मजला यातलं काहीही पुढे जात नाही. पोस्टमन पिनकोड बघून टपाल योग्य थैलीत टाकतो, पाकीट फोडत नाही, तसं. आपत्कालीन 911 ची गोष्ट वेगळी. तिथे माणसापर्यंत पोचायचंच असतं म्हणून नेमकी जागा मागितली जाते. वाट ठरवणं आणि माणूस शोधून काढणं ही दोन कामं आहेत, आणि ग्रुपवरच्या भांडणात ती एकच समजली जात आहेत.

आता बहिणीची भीती. ती काल्पनिक नाही, आणि परदेशात सगळं आलबेल आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. इथल्या मोठ्या मोबाइल कंपन्या ग्राहकांच्या ठावठिकाण्याची माहिती दलालांना विकत होत्या. मिसुरीतल्या एका शेरीफने, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाने, अशाच सेवेतून कोर्टाच्या परवानगीशिवाय लोकांचे फोन शोधल्याचं 2018 मध्ये उघड झालं. एप्रिल 2024 मध्ये आयोगाने या कंपन्यांना मिळून जवळपास 20 कोटी डॉलरचा दंड ठोठावला आणि कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. ज्या कंपन्यांनी हे केलं त्यांनाच आता ‘फक्त साधारण भाग सांगा’ म्हटलं आहे. लोक सहज विश्वास कसा ठेवतील?

क्रायसिस टेक्स्ट लाइन या संस्थेची गोष्ट मला याहून जास्त लागली. 2013 पासून ती मेसेजवरून मदत करते आणि तिचं काम खरंच मोठं आहे. जानेवारी 2022 मध्ये बाहेर आलं, की मेसेजमधल्या संभाषणांची नावं काढलेली माहिती तिने आपल्याच एका नफा कमावणाऱ्या कंपनीला दिली होती, ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर सुधारायला. टीका होताच काही दिवसांत तो करार संपवला. नावं काढली होती, मान्य. पण मध्यरात्री कुणीतरी जीव मुठीत धरून लिहिलेलं वाक्य दुकानाच्या तक्रार खिडकीसाठी धडा म्हणून वापरावं, हे त्या माणसाला विचारून झालं होतं का? पानभर अटींच्या तळाशी असलेल्या संमतीला मी विचारणं म्हणत नाही.

पोलिसांबद्दलही तेच. 988 चालवणारे सांगतात की दोन टक्क्यांहून कमी संपर्कांत आपत्कालीन पथक पाठवावं लागतं, आणि त्यातही बऱ्याचदा त्या माणसाच्या संमतीने. आकडा छोटा आहे, तरी भीती मोठी आहे. गणवेशातला माणूस दारात आला की आपलं काय होईल, याचा अनुभव सगळ्यांचा सारखा नसतो. इंदूरलाही नसतो.

आणि म्हणून इंदूरकडे येते. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. मध्य प्रदेशात 15,386, महाराष्ट्र आणि तमिळनाडूनंतर तिसरा क्रमांक. देशभरातल्या आत्महत्यांपैकी 13,044 विद्यार्थ्यांच्या होत्या. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला केंद्र सरकारने टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. नंबर 14416, फुकट, चोवीस तास, वीस भाषांत, आणि फोन त्या त्या राज्याच्या केंद्राकडे जोडला जातो. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारे निर्देश दिले. त्यात हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलात, वर्गांत, वेबसाइटवर ठळक लावायला सांगितलं. बहिणीच्या कोचिंगमध्ये जिन्याजवळ तो कागद लागला आहे, तिने फोटो पाठवला होता.

पण हे सगळं मुख्यतः बोलण्यावर उभं आहे. एका खोलीत तीन मुलं, मधे प्लायवूडची भिंत, दाराबाहेर मेसचा डबा आणणारा. तिथे मोठ्याने ‘मला जगावंसं वाटत नाही’ कोण म्हणेल? इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांतही तेच. पुढच्या खोलीत आजोबा, स्वयंपाकघरात आई, फोनवर चढ्या आवाजात बोलायची सवय आणि प्रत्येक फोननंतर ‘कोणाचा होता?’ हा प्रश्न. आपल्याकडे मेसेजने मदत मागण्याची सोय अमेरिकेपेक्षा जास्त निकडीची आहे. काही स्वयंसेवी संस्था व्हॉट्सॅपवर, ईमेलवर बोलतात. सरकारी नंबरालाही साधा मेसेज, इंटरनेट नसलं तरी जाणारा, घेता यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तो घेऊ लागलो की वाट ठरवण्याचा प्रश्न आपल्याही दारात येईल. भंवरकुआला खंडवा-बडवानीची मुलं आहेत, तशी धुळ्या-जळगावची, दाहोदची, बांसवाड्याचीही आहेत, आपापल्या गावच्या सिमसकट. आमच्या घरची मुलं पुण्याला जातात ती इंदूरचं सिम घेऊन. नंबरावरून केंद्र ठरवलं तर इंदूरच्या खोलीतलं मूल महाराष्ट्राच्या केंद्राशी बोलत बसेल आणि पुण्यातलं मध्य प्रदेशच्या. तेव्हा टॉवरवरून जिल्हा ठरवणं योग्यच. इथपर्यंत मी काकांच्या बाजूने आहे.

मात्र इथली पद्धत जशीच्या तशी उचलायला माझा विरोध आहे. अमेरिकेत ‘स्थानिक’ म्हटलं की दिलासा वाटतो, कारण माणसं विखुरलेली आहेत, शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. इंदूरच्या मराठी माणसाला ‘स्थानिक’ म्हटल्यावर काय आठवेल? गणेशोत्सवाचा मंडप, सानंद या संस्थेच्या मराठी नाटकाचं मध्यंतर, जिथे दोन प्रश्नांत समोरच्याचं माहेर, आजोळ आणि मेहुण्याची नोकरी कळते. पलीकडे बसलेली समुपदेशक आत्याच्या सुनेची मैत्रीण निघणारच नाही, याची खात्री कोण देणार? अशा गावात जवळचा कान हाच धाक होऊ शकतो. म्हणून मेसेज आपोआप इंदूरच्या केंद्राकडे वळला तरी ‘मला दुसऱ्या शहरातल्या माणसाशी बोलायचं आहे’ असं एका अक्षराने सांगता आलं पाहिजे, कारण न विचारता. केंद्र दूरचं असलं तरी बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाची वेळ आणि पत्ता त्यालाही सांगता येईल. ती माहिती काही गुप्त नाही.

भाषेचंही तसंच. टॉवर सांगेल हा माणूस मध्य प्रदेशात आहे. एकटी राहणारी, आयुष्य इंदुरात गेलेली आजी बाजारात उत्तम हिंदी बोलते, पण दुःख मराठीतच सांगेल, हे टॉवरला कळणार नाही. तिला मराठी माणूस मिळावा आणि मदत मात्र इंदूरची मिळावी. भाषा एकीकडून, गाव दुसरीकडून, अशी दोन्ही धरता येतील असं यंत्र बांधणं आज अवघड नाही.

घरातल्या पाळतीबद्दल आपल्या चर्चेत कुणीच बोलत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. मुलाचं सिम बाबांच्या आधारवर, कंपनीच्या ॲपमध्ये कॉलची यादी बाबांना दिसते, फोन कुलूपबंद असला तरी मेसेजची पहिली ओळ पडद्यावर झळकते. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये झालेल्या एका कायद्याने आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनी घरगुती हिंसेच्या हेल्पलाइनला केलेले फोन आणि मेसेज ग्राहकाला दिसणाऱ्या यादीतून वगळायला लावले, कारण बिल ज्याच्या नावावर तोच मारणारा असू शकतो. इथली ही एक गोष्ट मात्र आपण बिनदिक्कत घ्यावी. 14416 यादीत दिसताच कामा नये.

कायदा आपल्याकडे नाही असंही नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतं आणि जिवाला धोका असेल तर गरजेपुरतीच उघड करू देतं. ‘गरजेपुरती’ हे माप मला पुरेसं वाटतं, फक्त ते कोण मोजतो आणि त्याची नोंद कुठे राहते हे लिहिलेलं हवं. त्याच कायद्याच्या कलम 115 ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायला सांगितलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 उरलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे. कागदावरून भीती गेली, मनातून गेलेली नाही. मुलांच्या आईवडिलांना आजही विचारा, ते ‘पोलीस केस होईल’ हेच आधी म्हणतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात जिवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगी संमतीविना माहिती वापरायची मुभा आहे, आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकारही आहे. टॉवरची माहिती सरकारी हेल्पलाइनच्या हाती द्यायची असेल तर त्या सुटीच्या आडोशाला ती पडून राहू नये. वाट ठरली की पुसली जावी.

जागा शोधायची वेळ येते तेव्हाचं काय, हा काकांचा प्रश्न उरतोच. जीव जाण्याची वेळ असेल आणि माणूस उत्तर देईनासा झाला असेल, तर शोधा. पण तो निर्णय पलीकडे बोलणाऱ्या माणसाने वरिष्ठांना विचारून घ्यावा, यंत्राने नव्हे. कारण लिहून ठेवावं, आणि दारात पहिल्यांदा जाणारा शक्यतो दवाखान्याचा असावा. आणि हे सगळं लिहिणाऱ्याला आधी माहीत असावं.

त्यासाठी पहिला मेसेज गेल्याबरोबर येणारं उत्तर असं असावं म्हणून मी एक मसुदा करून ग्रुपवर टाकला: ‘तुमचा मेसेज पोचला. आम्हाला तुमचा जिल्हा कळतो, पत्ता कळत नाही. दुसऱ्या शहरातला माणूस हवा असेल तर 2 पाठवा. भाषा बदलायला 3 पाठवा. तुमच्या जिवाला तातडीचा धोका वाटला तरच आम्ही तुम्हाला शोधायचा प्रयत्न करू, आणि शक्य असेल तर आधी तुम्हाला विचारू.’

काकांना ‘तरच’ खटकला, त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे. बहिणीने तो मसुदा वर्गातल्या काही मुलांना दाखवला आणि त्यांच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवून परत पाठवला: ‘हॉस्टेलच्या वॉर्डनला किंवा कोचिंगला तुमच्या परवानगीशिवाय काही कळवलं जात नाही.’